दोन लांब, एक आखूड

दोन लांब, एक आखूड
ही आमची घंटा.
हावरिल्युकांची तीन आखूड,
टेकाडापलीकडच्या म्हाताऱ्या ओडेगार्डची एकच, लांबलचक,
त्याला ऐकू कमी यायचं म्हणून असेल.
एका तारेवर नऊ घरं,
दोन घरांमध्ये मैल मैल गहू,
आणि घंटा कुणाचीही वाजो,
नऊ स्वयंपाकघरांत पिठाचे हात पुसले जात.

आवाज न करता रिसीव्हर उचलणं ही कला होती.
आईला ती येत होती. मीही शिकले,
पिठाच्या डब्यावर उभी राहून,
तोंडावर तळवा धरून.
पराश्का हावरिल्युकला मात्र कधीच जमली नाही.
तिच्या भिंतीवर घड्याळ होतं, सासूनं युक्रेनहून आणलेलं,
त्याची टिकटिक तारेवरून थेट आमच्या कानात.
"घड्याळ आलं," आई म्हणायची,
आणि पलीकडची मावशी
लगेच कोंबड्यांवर घसरायची.

एरवी त्या सपाट मुलखात दुपारी काही घडत नसे.
म्हणजे, वारा असायचा.
पण तो मोजायचा नाही, वडील म्हणत,
तो घरातलाच.
ऑगस्टात कारागानाच्या कुंपणात शेंगा तडकायच्या,
कुणी कडाकडा बोटं मोडावीत तशा.
रुळांकडेचं लाल धान्यकोठार
आठ मैलांवरून दिसे.
मी एक डोळा मिटून ते अंगठ्याखाली झाकायचे
आणि अख्खं गाव नाहीसं करायचे.
पुढे कुणीतरी खरंच केलं ते;
तेव्हा माझा अंगठा खिशात होता.

छप्पन सालच्या सप्टेंबरात
धान्य वर चढवणाऱ्या मळसूत्रात
वडिलांचा उजवा हात गेला.
आईनं डॉक्टरला फोन लावला.
हो, शुद्धीवर आहेत.
हो, कोपराच्या वर घट्ट बांधलंय.
मग जरा थांबून, जरा मोठ्यानं,
डॉक्टरला ज्याचं काही देणंघेणं नव्हतं ते:
"दीडशे एकर उभं आहे अजून.
आणि रेडिओ म्हणतोय, शुक्रवारी बर्फ."

तारेवर कुणी बोललं नाही.
टिकटिक तेवढी चालू होती.

गुरुवारी उजाडायच्या आत
वाटेवर दिवे दिसले, आधी दोन, मग सहा.
कापणीची यंत्रं.
ओडेगार्डसुद्धा,
बांधावरून सात वर्षं न बोललेला,
आजही न बोलता सरळ पूर्वेच्या तुकड्यात शिरला.
पराश्का टोपभर पेरोगी घेऊन दारात:
"इथूनच चालले होते."
आमची वाट आमच्या अंगणात संपायची.
त्यापुढे फक्त तळं होतं आणि बदकं.

आई म्हणाली, "ये ना मग, आलीच आहेस तर."
दोघींनी चुलीवर कॉफी ठेवली.
घड्याळाविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही.

वडिलांनी आभार मानले नाहीत,
आमच्यात ती रीत नव्हती.
त्या हिवाळ्यात डाव्या हातानं
त्यांनी हावरिल्युकांचा पंप दुरुस्त केला,
तीन आठवडे लागले,
आणि तो पुन्हा बिघडला.

आता मी रजायनात, तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून दिसतं ते वाहनतळ,
पण आभाळ तेच, ते कुणाला पाडता आलेलं नाही.
रविवारी कॅलगरीहून मुलगा बोलतो.
काय स्वच्छ आवाज! तारच नाही,
मध्ये कुणाचा श्वास नाही, भांडं नाही.
मी सांगते, सगळं ठीक.
मग जरा थांबते
आणि जरा मोठ्यानं म्हणते,
"जिना हल्ली फार जड जातो."

"आई, ओरडू नकोस," तो म्हणतो,
"ऐकू येतंय मला."